हाड मोडूक नाय

माझ्या सख्ख्या भावाचं ढोपर ज्याने कायमचं निकामी केलं, त्याच्याच गळ्यात मी माळ घातली. हे ऐकून प्रत्येक जण आधी हसतो. हसा बापडे. पण बाबू धुरी हा काय माणूस आहे ते सांगायचं तर तिथूनच सुरुवात करायला हवी. आणि हो, मी नवऱ्याचं नाव घेते. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, मग वीस वर्षं 'अहो' आणि 'सलोनीचे बाबा' करत काढली. आता नावानेच बोलते. ज्याला खटकेल त्याने कान झाकावेत.

वालावलच्या अलीकडे आमचं गाव. भात, काजू, दहा-बारा आंब्याची कलमं. बाबू शेतकरी, पण तरुणपणी त्याची ओळख शेतकरी म्हणून नव्हती. कबड्डीत डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा. त्याला मान अशी नाहीच, डोक्याखाली थेट खांदे. हात गुडघ्यापर्यंत लोंबणारे. चढाईला आलेल्या गड्याचा पाय एकदा त्याच्या हातात सापडला की सुटायचा नाही, म्हणून सगळे त्याला कुर्लो म्हणायचे. कुर्लो म्हणजे खेकडा. समोरच्याचा घोटा धरून छातीशी कवटाळायचा आणि मग त्या माणसाने आकाशपाताळ एक केलं तरी सोडायचा नाही. कुणाचा अंगठा उखडला, कुणाचे दात पडले, एकाची बरगडी गेली. पंचाने शिट्टी मारली तर बाबू पंचाच्याच अंगावर धावून जायचा. लोक पैजा मारून त्याचा खेळ बघायला यायचे, खोटं कशाला सांगू, मीही त्यातलीच एक.

माझं माहेर वैभववाडीकडचं. २००३ साली, भातं कापून झाली होती, मळ्यात मैदान आखलं होतं. माहेरच्या गावाकडून माझा दादा खेळत होता, गुरुदास, आणि समोर बाबूचा संघ. पोलिसभरतीची तयारी करत होता तो. रोज पहाटे घाटाच्या पायथ्यापर्यंत धावून यायचा. बाविशीतला, हरणासारखा पोरगा. मी पाण्याची कळशी घेऊन रेषेपाशी उभी होते. दादाने चढाईत दोघांना हात लावला आणि परत फिरण्यासाठी उजवा पाय रोवून गर्रकन वळला. तेवढ्यात मागून बाबूने त्याचा घोटा धरला. पाय जमिनीला खिळलेला राहिला आणि वरचं अंग वळलं.

आवाज आला. हाड मोडल्याचा कडकन आवाज असतो ना, तसला नाही. जाडं मांजरपाट कुणीतरी दोन्ही हातांनी फाडावं तसा. दादा पडला आणि असा ओरडला की माझ्या हातातली कळशी खाली गेली. ढोपरावर जिथे वाटी असते तिथे नुसता खळगा, आणि वाटी पायाच्या बाहेरच्या अंगाला जाऊन बसलेली. कातडीखाली गोटा ठेवल्यासारखी दिसत होती. बघवत नव्हतं.

मग बाबूने जे केलं ते त्याच्याकडे आजा-पणज्याच्या काळापासून चालत आलेलं. जुने खेळाडू सगळेच करायचे, पण बाबूसारखं कोणी नाही. दादाचा पाय त्याने आपल्या मांडीवर घेतला, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घातलं. ओरडून, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं. "बा देवा म्हाराजा, चव्हाट्याच्या, चाळ्याच्या, बारा वाटांच्या राजा! ह्या लेकराची वाटी सुटली हा, ती जाग्यार बसव रे म्हाराजा!"

आणि सगळं मैदान, आमची माणसंसुद्धा, एका दमात ओरडली, "व्हय म्हाराजा!"

त्या 'व्हय'वर बाबूने पाय झटक्यात सरळ केला आणि तळव्याने वाटी आत ढकलली. टक्. दादाचे डोळे पांढरे झाले. बाबूने त्याच्या ढोपराला रुमाल आवळला, पाठीत थाप मारली आणि म्हणाला, "हाड मोडूक नाय. उठ रे!" हाड मोडलं नाही ना, मग झालं.

दादा उठला. उठायचंच होतं, चारशे माणसं बघत होती. पुढच्या चढाईत पुन्हा पडला.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. हाडं एकदम शाबूत. झालं! त्या काळ्या कागदाने माझ्या भावाचा घात केला. वाटी जाग्यावर, हाड जाग्यावर, मग लंगडतोस कशाला? आमच्या वडिलांनी त्याला तसाच धावायला लावला. धावेना तेव्हा काजूच्या ओल्या फोकाने पोटऱ्या फोडल्या. भरतीच्या दिवशी तो सोळाशे मीटरमधले सहाशे मीटर धावला आणि वळणावर वाटी पुन्हा गेली. त्यानंतर किती वेळा गेली त्याचा हिशेब त्यालाही नाही. शेतातून उतरताना, गाडीवरून पाय टाकताना, पायखान्यात. आज पंचेचाळिशीला आलेला माझा भाऊ जेवणावळीत मांडी घालून बसत नाही. स्टेशनाजवळ त्याचं लहानसं दुकान आहे, तिथे उंच लाकडी खुर्चीवर दिवसभर बसलेला असतो. पोरं त्याला 'खुर्ची' म्हणतात.

त्या सामन्यानंतर महिनाभराने बाबू आमच्या दारात आला. पाच शहाणी माणसं आणि एक नारळ घेऊन. अंगणात मान खाली घालून उभा राहिला आणि म्हणाला, "चूक माजी. पण हाड मोडूक नाय." वडिलांनी नारळ घेतला. मी चहा घेऊन बाहेर आले. सहा महिन्यांनी मागणी आली आणि दादाच म्हणाला, "खेळात असा होता गो. माणूस वायट नाय." आणि मी? मला तो आवडला होता. ते हातच आवडले होते. आता लाज वाटते, पण आवडले होते.

त्या हातांनी संसारात काय काय केलं ते सगळं सांगत बसत नाही. दारू प्यायचा नाही. तेवढंच सगळे सांगतात, जणू काय दारूशिवाय मारलेलं लागत नाही! भाताचं ताट भिंतीवर फुटायचं. एकदा न्हाणीघराचं दार त्याने बिजागऱ्यांसकट उपटलं, कारण मी आत रडत बसले होते. मला मारलं, सलोनीला मारलं. नंतर खालमानेने बाजारातून मासे घेऊन यायचा, सुरमई असेल तर मी समजायचे की आज त्याला फारच वाईट वाटतंय. मी अंगणवाडीत शिकवते. दुसऱ्यांच्या पोरांना 'कोणाला मारायचं नाही हं' असं सांगून घरी यायचे.

सलोनी आमची एकुलती. नऊ वर्षांची असल्यापासून बाबूने तिला मैदानात उतरवलं. गावातल्या मुलींचा संघ त्यानेच बांधला. एक गोष्ट मान्य करते, त्या पोरींना त्याने कुणाला भ्यायला शिकवलं नाही. आणि सलोनी म्हणजे काय सांगू! चढाईला गेली की रिकामी परत यायची नाही. कमरेत अशी वाकायची, अशी वळायची की समोरच्या पोरी एकमेकींवर आदळायच्या. आणि वळायची ती अगदी दादासारखी, उजवा पाय रोवून. मला ते दिसायचं. दर वेळी दिसायचं.

पंधरा वर्षांची असताना सरावात ती तशीच वळली आणि पडली. मी मैदानापाशीच होते. ती किंकाळी ऐकली आणि मला वैभववाडीचा मळा आठवला. वाटी बाहेर. बाबू धावत आला, पाय मांडीवर घेतला आणि माझ्यावर ओरडला, "लीला, खांदे धर तिचे! हलता नये!"

मी धरले.

हे मी तुम्हाला सांगते आहे, कारण हे मलाच सांगायला हवं. मी माझ्या पोरीचे खांदे जमिनीला दाबून धरले. बाबूने गाऱ्हाणं घातलं, बारा-पंधरा पोरी ओरडल्या, "व्हय म्हाराजा!" आणि टक्. सलोनीने माझ्या दंडात दात रोवले. बाबू हसत म्हणाला, "हाड मोडूक नाय. उठ गो वाघिणी!"

ढोपर सुजून शहाळ्याएवढं झालं. कुडाळला एक्स-रे काढला, तो घेऊन बाबू घरी आला तो वाजतगाजतच. काही नाही म्हणे, निर्मळ! तो एक्स-रे त्याने ओटीच्या खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीने लावला. सकाळी उन्हं आली की आमच्या ओटीवर माझ्या पोरीच्या पायाची हाडं पांढरीफेक चमकायची. ती कुरकुरली की बाबू तिची मानगूट धरून खिडकीपाशी न्यायचा. "बग. खंय मोडला ता दाखव. दाखव बोट लावन!" कुठे बोट लावणार पोर? पंधरा दिवसांत पुन्हा मैदानात.

तीन महिन्यांनी माळ्यावरून उतरताना शिडीच्या शेवटच्या पायरीवर वाटी पुन्हा गेली. बाबूने आधी थोबाडीत मारली. "नाटकां करतंस! जिल्ह्याची निवड जवळ इली म्हणान नाटकां!" मग दाबून बसवली. या वेळी मी खांदे नाही, पाय धरला होता. बघा, मी सुधारले होते!

दादाच्या कानावर गेलं. तो कधी आमच्याकडे येत नाही, पण त्या दिवशी रिक्षा करून आला. अंगणात उभा राहून म्हणाला, "भावोजी, त्या चेडवाक खेळवू नकात. हाड माजाय मोडूक नाय होता. माज्याकडे बगा."

बाबू ओटीवरून उतरला. "तू शिकवतलंस माका? लंगड्या?" आणि त्याने दादाच्या छातीवर दोन्ही हातांनी धक्का मारला. दादा मागे तुळशीच्या कट्ट्यावर कोसळला, पाय अंगाखाली मुडपला. मी धावले. तर दादाने मला हातानेच थांबवलं, पँट जरा वर ओढली आणि बाजूला गेलेली आपली वाटी स्वतःच्या तळव्याने आत सरकवली. शर्टाचं बटण लावावं तशी. तोंडातून हूं की चूं नाही. कट्ट्याला धरून उठला आणि रिक्षात जाऊन बसला.

सलोनी दारात उभी राहून सगळं बघत होती. मामा गेल्यावर ती मला म्हणाली, "आई, मीय अशीच होतलय?"  त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. माझी पोर त्या उंच खुर्चीवर बसणार. पंचविसाव्या वर्षी, चाळिसाव्या वर्षी, आपलं ढोपर आपणच बटणासारखं लावत. आणि तरी मी काय केलं? वेण्या घातल्या.

निवड सामन्याच्या सकाळी वेण्या घालत होते. रविवार होता, जानेवारीचा. ती हळूच म्हणाली, "जोर दिलंय की वाटी आपसून भायर जाता गो. माका भंय दिसता. बाबांका सांग ना." मी म्हटलं, "आज खेळ, उद्या बघू." शिरां पडो माझ्या तोंडावर. बाबूच्या हाताला मी इतकी भीत होते की पोरीची भीती मला परवडत नव्हती.

शाळेच्या पटांगणात सामना. टळटळीत दुपार, लाल माती, दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. सलोनीच्या पहिल्या दोन चढाया छान झाल्या. तिसरीत समोरच्या कोपऱ्यातल्या मुलीने मागून तिचा घोटा धरला. तिने पाय रोवला, वळली, आणि मला तो मांजरपाट फाटल्याचा आवाज पुन्हा ऐकू आला. खरं तर एवढ्या गलक्यात ऐकू येणं शक्य नाही. पण मला आला.

पंचाची शिट्टी, आरडाओरडा. बाबू रेषा ओलांडून मैदानात घुसला. पंचाने अडवलं तर त्याला कोपराने असा ढोसला की बिचारा मातीत बसला. मी मागोमाग धावले, सवयीने. बाबू ओरडला, "लीला! खांदे धर!" मी सलोनीच्या डोक्याशी जाऊन बसले. तिने माझ्याकडे बघितलं. बापाकडे नाही, माझ्याकडे. "आई, तू नको गो," ती म्हणाली. "तू नको."

बाबूने गाऱ्हाणं सुरू केलं होतं. "बा देवा म्हाराजा, चव्हाट्याच्या..." बाकावरच्या सगळ्यांनी श्वास भरून घेतला होता, मला त्यांच्या फुगलेल्या छात्या दिसत होत्या. बाबूला तिचा पाय मांडीवर घ्यायला जागा हवी होती, म्हणून तो उठून एक पाऊल पुढे आला. त्याचा उजवा पाय माझ्याजवळ पडला. मी पोरीचे खांदे सोडले आणि त्याच्या घोट्यावर झेप घेतली. दोन्ही हातांनी धरला आणि छातीशी कवटाळला. वीस वर्षं बघत आले होते, कसा धरायचा ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"सोड, मेल्ये! पाय सोड!" तो गरजला आणि मला लाथाडायला गर्रकन वळला. वरचं सगळं धूड वळलं. पाय माझ्यापाशी राहिला.

लोक मला अजून विचारतात, लीला, चुकून झालं ना गो? नाही. तो वळला तेव्हा मला सोडता आलं असतं. मी आणखी घट्ट धरलं. त्याच्या ढोपरात काहीतरी टराटरा फाटलं ते माझ्या गालाला जाणवलं, कारण माझा गाल त्याच्या पोटरीवर होता. मला वाईट वाटलं नाही. उलट वीस वर्षांत प्रथमच असं बरं वाटलं की त्याचीच मला नंतर भीती वाटली.

बाबू आडवा झाला. आधी त्याच्या तोंडातून आवाजच निघेना, मग जो निघाला तो बैलाला डागतात तेव्हा निघतो तसला. सलोनीपासून चार हातांवर पडला होता. त्याच्या पँटच्या कापडाखाली वाटी बाहेरच्या अंगाला सरकलेली सगळ्यांना दिसत होती. त्याच्या जुन्या संघातला एक जण पुढे झाला, बिचाऱ्याने चांगल्या मनाने हात पुढे केला. "बाबूदा, वायच दाबूया. बसतली."

"हात लावू नकात!" बाबू किंचाळला. "कोणी हात लावू नकात माका!" आणि त्याने त्या माणसाचं मनगट असं धरलं की तोच कळवळला.

सगळं पटांगण गप्प झालं. गाऱ्हाणं अर्धंच राहिलं होतं, पण 'व्हय म्हाराजा' म्हणायची कुणाची छाती झाली नाही. त्या शांततेत सलोनी बोलली. स्वतःचं ढोपर दोन्ही हातांनी धरलेलं, चेहरा मातीने आणि घामाने माखलेला. "बाबा," ती म्हणाली, "हाड मोडूक नाय. उठा."

ती चिडवत नव्हती. हसतही नव्हती.

दोघांना एकाच टेम्पोत घालून कुडाळला नेलं. हौद्यात गोणपाटावर बापलेक शेजारी शेजारी, आणि मध्ये मी. प्रत्येक खड्ड्याला दोघं एकदम ओरडायची. बाबू माझ्याकडे बघत नव्हता. मीही त्याच्याकडे बघत नव्हते.

हाडांच्या डॉक्टर तरुण होत्या, अस्मिता नावाच्या. त्यांनी गाऱ्हाणं घातलं नाही की झटका दिला नाही. आधी दुखायचं थांबवलं, मग पाय हळूहळू, बोलत बोलत सरळ केला, आणि वाटी आपली आपण आत गेली. दोघांचीही. मग एक्स-रे. सलोनीच्या ढोपरात कूर्चेसकट उडालेला हाडाचा एक लहानसा टवका सुटून फिरत होता. बाबूचा एक्स-रे मात्र निर्मळ!

"पण माका दुखता," बाबू म्हणाला. "एवढा दुखता आणि काय मोडूक नाय? नीट बगा डॉक्टर."

डॉक्टरबाईंनी तोंडावरच्या मास्कची एक दोरी कानशिलापाशी तोडून टाकली. मास्क दुसऱ्या कानाला लोंबायला लागला. "हे बघा," त्या म्हणाल्या. "मांडीच्या हाडाला खाली एक पन्हळ असते. तुमची वाटी त्या पन्हळीतून वरखाली सरकते. बाहेरच्या बाजूचा पडदा तिला बाहेर ओढत असतो. आतल्या बाजूने तिला धरून ठेवते ती एक पट्टी, वाटीपासून मांडीच्या हाडापर्यंत गेलेली. बोटभर रुंद, कागदासारखी पातळ. तिच्या जोडीला मांडीचा आतला स्नायू. पाय रोवलेला असताना अंग वळलं, वाटी बाहेर उडाली की ही पट्टी फाटते. एक्स-रेत हाडं दिसतात, पट्टी दिसत नाही. ती असली काय, फाटली काय, एक्स-रे सारखाच." मग त्यांनी लोंबणारा मास्क हाताने तोंडावर दाबून धरला. "वाटी दाबून बसवणं म्हणजे हे. बसतो. हात आहे तोवर." आणि हात काढला.

बाबू त्या लोंबणाऱ्या मास्ककडे बघत राहिला.

"पहिल्याच वेळी आणली असती," डॉक्टर मला म्हणाल्या, "तर सहा आठवडे पट्टा, मग व्यायाम, आणि बहुतेक निभावलं असतं. आता नवीन पट्टी करावी लागेल. तिच्याच मांडीच्या मागच्या स्नायूची एक दोरी, कंडरा, घेऊन." मी मान हलवली. दादाला हे वीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्ही कोणाला विचारलंही नव्हतं.

तीन आठवड्यांनी दोघांना पुन्हा दाखवायला नेलं. सूज उतरली होती. डॉक्टरबाईंनी बाबूला टेबलावर झोपवलं, पाय सैल सोडायला सांगितला आणि वाटीच्या आतल्या कडेवर अंगठा ठेवून तिला हलकेच बाहेर ढकलली. जेमतेम केसभर. बाबूचा हात सटकन उठला आणि त्याने त्यांचं मनगट धरलं. कपाळावर घाम. मी त्या माणसाला सात जणांच्या ढिगाखालून हसत उठताना बघितलंय, आणि एका पोरीच्या अंगठ्याला तो घाबरला होता.

"हेच बघायचं होतं मला," डॉक्टर म्हणाल्या. "एक्स-रेत न दिसणारं इथे दिसतं. हा हात मुद्दाम उचलता येत नाही. आपोआप येतो. जो असा हात धरतो ना, तो नाटक करत नसतो."

शेजारच्या टेबलावर सलोनी बसली होती. बाबूने मनगट सोडलं आणि तिच्याकडे वळला. "दर खेपेक असाच दुखत होता तुका?"

"व्हय."

"मगे सांगलंस कित्या नाय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथे काचेची बरणी होती, ती त्याच्या टाळक्यात घालायला मी उचललीसुद्धा. पण सलोनी शांतपणे म्हणाली, "सांगलंय. दर खेपेक सांगलंय." आणि मी बरणी खाली ठेवली. बाबूने तोंड भिंतीकडे केलं. त्याचे ते बिनमानेचे खांदे बराच वेळ हलत होते. सलोनी बघत होती, आणि मी तिला जवळ जा म्हटलं नाही.

मार्चमध्ये गोव्यात सलोनीचं ऑपरेशन झालं. घरी परतलो तेव्हा खिडकीवरचा एक्स-रे नव्हता. काचेवर चिकटपट्टीच्या चार खुणा तेवढ्या होत्या. एक दिवस बाबू ढोपराला पट्टा बांधून, काठी घेऊन एकटाच वैभववाडीला जाऊन आला. नारळ घेऊन गेला होता म्हणे. दादाने मला फोनवर सांगितलं, "बाबू इलो होतो. उभो रवलो. ह्या खेपेक 'हाड मोडूक नाय' म्हणाक नाय." आणि त्याने फोन ठेवला. 

आता रोज सकाळी ओटीवर दोन चटया पडतात. बाप आणि लेक, दोघांच्या ढोपराखाली टॉवेलची गुंडाळी. ढोपर खाली दाबायचं, मांडीचा आतला स्नायू आवळायचा, दहा मोजायचे, सोडायचं. बाबू मोजतो. आवाज अजून मैदानातलाच आहे. हात उगारत नाही. उगारणार नाही अशी काही माझी खात्री नाही, पण माझ्याकडे बघून उठतो-बसतो एवढं खरं. आमच्या घरात आता कोण कोणाला भितं ते सांगणं कठीण आहे.

सलोनी चालते. पावसाळ्यानंतर धावू शकेल असं डॉक्टर म्हणतात. मामाच्या खुर्चीवर बसायची पाळी टळली, एवढं त्या ठामपणे म्हणाल्या, आणि ते ऐकून मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून हंबरडा फोडला होता.

पण काल सकाळची गोष्ट. व्यायाम झाला, बाबू आत गेला. सलोनी भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती, डोळे मिटलेले. मला तिचं ढोपर जरा सुजल्यासारखं वाटलं. गरम लागतंय का बघावं म्हणून मी वाटीवर नुसता हात ठेवला. आईचा हात, दुसरं काही नाही.

तिचा हात सटकन आला आणि माझं मनगट धरलं. बापाचीच पकड. डोळे उघडून तिने बघितलं की मी आहे. मी आहे हे नीट बघितलं, आणि तरी सोडलं नाही.

"दुखत नाय गो," ती म्हणाली. "आपसून जाता हात."

"म्हायत आसा माका," मी म्हटलं. दंडावर तिच्या दातांची खूण अजून आहे. मी हात काढून घेतला.